कुणीच न दिलेला डाग

माझी नात अंकिता जे काम करते त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. गुरांच्या अंगावरचे, उंदरांच्या कानातले, गोठ्यातल्या डासांमधले रोग माणसात उतरतायत का, हे बघत गावोगाव फिरणारं एक पथक आहे, त्यात ती आहे. शेजारणींना मी सांगते, नात गोचीड मोजते. ती चिडते. पण मोजतेच की.

हा ब्लॉग तिचा. एरवी ती इथे किल्ले आणि धबधबे लिहिते, कुठली गाडी पकडा, कुठे जेवा. यावेळी मी सांगतेय आणि ती टाइप करतेय, कारण प्रवास माझा होता, ती फक्त नोकरीवर होती. मला अक्षर येत नाही, त्यामुळे मधलं काही गाळलं तर कळणार नाही असं तिला वाटतं. रोज संध्याकाळी मी तिच्याकडून सगळं वाचून घेते. आतापर्यंत दोनदा पकडलीय.

गौरी-गणपती होऊन गेले होते, भात निसवायला लागलं होतं. रात्री जेवताना अंकिता म्हणाली, टोकावड्याच्या पुढे एक पाडा आहे, तिथली दोन माणसं तापाने दवाखान्यात आली, पण पाड्यात जाऊन विचारलं तर प्रत्येक घर म्हणतं, आमच्यात सगळे ठणठणीत आहेत.

"ताप लपवतात गो. का ते कळत नाय. उशीर झाला की माणूस जातो, आणि गोळ्या तर साध्या असतात."

मी पाड्याचं नाव विचारलं. तिथे माझ्या मावसभावाचं घर. तो गेला, पण त्याची सून यमुना आहे.

"मग मला ने."

"आजी, पिकनिक नाय ती."

"मी कुठं भेळ बांधून घेतेय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शहापूरच्या स्टँडवर होतो. तुम्हाला जायचं असेल तर सकाळचीच गाडी धरा, दुपारी हाल होतात. पंच्याहत्तरी ओलांडली की एस.टी. फुकट, आधार कार्ड दाखवायचं. कंडक्टर कार्डावरचा फोटो आणि माझं तोंड दोनदा ताडून बघत होता. म्हटलं, "फोटो काढला तवा दात होते रे." अंकिताला अर्धं तिकीट लागलं. तिला म्हटलं, अजून पन्नास वर्षं थांब.

किन्हवलीला उतरून चहा घ्या, स्टँडसमोर भजी गरम मिळतात. तिथून सरळगावला जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं आपल्याला वाटतं तेव्हा अजून चार माणसं बसायची असतात. रस्ता काळू नदीच्या पुलापर्यंत कंबर मोडणारा, नंतर बरा. सरळगावला बाजाराचा दिवस होता. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये म्हणून मी यमुनासाठी सुकट घेतली. पथकाची गाडी तिथे आम्हाला घ्यायला आली. पुढे डॉक्टर बसले होते, ते गुरांचे डॉक्टर. सुकटीच्या पिशवीकडे बघून त्यांनी काच खाली केली. ती शेवटपर्यंत वर केली नाही.

टोकावड्याच्या पुढे मोठा रस्ता सोडला आणि गवत सुरू झालं. तुमच्यातले पुष्कळजण माळशेजला जाताना तिथे गाड्या थांबवतात, गवतात आडवे पडून फोटो काढतात. मीही आधी म्हणाले असते, पडा बापडे. आता म्हणणार नाही. दोन्ही बाजूंनी गवत गाडीच्या खिडकीला घासत होतं, समोर डोंगर अर्ध्यातच ढगात संपलेला. पाड्यात शिरलो तेव्हा भर दुपार होती आणि एकही कुत्रं भुंकलं नाही. गुरं गोठ्यात उभी. बांधून ठेवलेलं जनावर निदान शेपूट तरी हलवतं. ही नुसती उभी होती, एकाच बाजूला बघत.

डॉक्टरांनी आधी गुरं बघितली. कानात, शेपटीखाली, कासेजवळ गोचीड, काही चिंचोक्याएवढे फुगलेले. चिमट्याने एकेक ओढून बाटलीत टाकायचा, बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची. मग अंकिताने गाडीतून एक पांढरं कापड काढलं. त्याच्या एका कडेला काठी, काठीला लांब दोरी. ती दोरी धरून दोघं गवताच्या कडेने चालायला लागली आणि कापड मागून सरपटत आलं. भुकेले गोचीड गवताच्या पात्यावर पाय पसरून वाट बघत असतात, ते कापडाला चिकटतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी बांधावर बसले होते. माणसं करवंदीच्या जाळीमागे वळली की मला दिसत नव्हती. नुसतं कापड दिसायचं, वारा नसताना गवतावरून आपलं आपण चाललेलं. मध्येच थांबायचं, उलटं व्हायचं, परत चालायचं.

शेजारच्या ओटीवर एक म्हातारी येऊन उभी राहिली. माझ्याहून मोठी दिसत होती, म्हणून मला जरा बरं वाटलं.

"कोणाचं कापड हाय ते?" तिने विचारलं.

"सरकारचं."

"सरकार मेलं का?"

मी हसले. ती हसली नाही. "असं कापड फिरलं की घर निवडतं," म्हणाली, आणि आत जाऊन कडी लावली. मग पलीकडचं दार लागलं, मग त्याच्या पलीकडचं. मी बांधावर बसून दारं ऐकत होते.

त्यानंतर अंकिताने सरपणाच्या ढिगाजवळ, जिथे उंदरांची बिळं होती, तिथे एक काळी ताटली जमिनीवर ठेवली आणि मला गप्प बसायला सांगितलं. मला ते जड जातं. थोड्या वेळाने ताटलीच्या कडेवर काहीतरी आलं. चिमूटभर कुंकू सांडावं आणि ते कुंकू चालायला लागावं, तसं. केशरी, इतकं बारीक की माझ्या डोळ्यांना ते वेगवेगळं दिसत नव्हतं, नुसता रंग सरकत होता. पलीकडच्या कडेवर काही नव्हतं. सगळं माझ्या बाजूला.

"आजी, पाय वर घ्या," डॉक्टर हळूच म्हणाले. "श्वासाचा माग काढतात ते. तुमच्याकडेच येतायत."

पिंजऱ्यात एक उंदीर सापडला होता. त्याच्या कानाच्या आत तेच केशरी, बाळी घातल्यासारखं गच्च बसलेलं. अंकिताने सांगितलं, ही किड्याची पोरं, उंदरावर वाढतात. माणूस गवतात बसला की माणसाला चावतात, चावलेलं कळत नाही. आठ-दहा दिवसांनी ताप येतो. तापाचं नाव स्क्रब टायफस. हे नाव मात्र मला घेता येतं, चार वेळा म्हणून पाठ केलं.

यमुनाच्या घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. यमुना पन्नाशीची, कामाला वाघीण. मला बघून पाया पडली, सुकट बघून बरं वाटल्यासारखं केलं, तांदळाच्या भाकऱ्या टाकायला बसली. तिचा मुलगा कसाऱ्याकडे रस्त्याच्या कामावर, आठवड्याने येतो.

"सून कुठं गो? दीपाली ना नाव?"

"माहेरी गेलीय."

"गौरीला गेली ती परत आलीच नाय?"

"आली व्हती. परत गेली."

अंकिता गोठ्यात डास धरत होती. काचेची नळी, तिला रबरी नळी, आणि ती तोंडात धरून भिंतीवरचा डास ओढून घ्यायचा. मध्ये जाळी असते म्हणे. मी तिला जेवायला हाक मारणार, एवढ्यात मागच्या खोलीतून बांगड्या वाजल्या. एकदाच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, पण आता त्या थरथरत होत्या, टोपलीत काचा हलवाव्यात तशा, थांबतच नव्हत्या.

यमुनाचा हात तव्यावर थांबला. "मांजर हाय," ती म्हणाली.

"मांजराला बांगड्या भरल्यास?"

तिने भाकरी उलटली नाही. ती करपली.

मी त्या खोलीपर्यंत गेले नाही. पाहुणी होते, ही माझी सबब. अंथरुणावर पडून ती थरथर ऐकत राहिले आणि सकाळ होण्याची वाट बघितली. आता वाटतं, तेवढे तास मी कुणाच्या जिवावर उडवले.

सकाळी यमुना दूध काढायला गेली आणि मी मागच्या खोलीचं दार ढकललं. दीपाली गोधडीत होती, वीस-बावीसची पोर, डोळे लाल, ओठ फुटलेले. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कालपास्नं दारात उभी हाय, आत का येत नाय?" मी दारात उभी नव्हते. मी तिला सांगितलं, आता आले.

अंग पुसावं म्हणून मी तिच्या परकराची नाडी सैल केली. कमरेवर, बरोबर नाडीखाली, एक डाग होता. गोल, मधे काळी खपली, कडेने लाल. बोटाच्या पेराएवढा.

डाग म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगते. आमच्याकडे पूर्वी पोट फुगलं, कावीळ झाली, पोर आचके द्यायला लागलं की भगत सळई नाहीतर बिब्बा तापवून अंगावर टेकवायचा. अजूनही कुठे कुठे चोरून देतात. आरोग्य केंद्राच्या आशाताईला कळलं तर ती घर डोक्यावर घेते, आणि बरोबर करते.

यमुना चरवी घेऊन दारात आली आणि मला बघून तिथेच उभी राहिली.

"डाग कोणी दिला?" मी विचारलं.

तिने चरवी खाली ठेवली. "मी नाय दिला आत्या. हिच्या आईनं दिला. गौरीला गेली व्हती तवा काय पोटात दुखलं असंल. मंग ताप आला, आठ दिवस झाले. आता कोणाला दाखवू? बघणारा म्हणंल, सासूनं जाळली."

गोधडीतून दीपाली बोलली. "आईनं नाय दिला. तुमीच दिला. मी झोपले व्हते तवा."

"मी?"

"मी कोणाला बोलले नाय. तुमी माझ्या भल्यासाठी केलं असंल."

आठ दिवस एका घरात राहून सासू सुनेच्या आईला दोष देत होती आणि सून सासूला मनातल्या मनात माफ करत होती. मी दीपालीला विचारलं, "डाग देताना तू जागी झाली नाय?"

"नाय."

"दुखला?"

"नाय. अजून पन नाय दुखत."

तापलेली सळई टेकवली तर मेलेला उठून बसेल. त्या खोलीत चूल नव्हती, सळई नव्हती, भगत येऊन गेला नव्हता. तरी डाग होता. मी हात मागे घेतला, आणि त्याचं कारण दीपाली नव्हती. तो डाग मी आधी पाहिला होता.

अंकिताला हाक मारली. तिने वाकून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "आजी, हा डाग नाय. कालचा तो केशरी किडा चावला की तिथं अशी खपली धरते. हीच खूण असते." डॉक्टर रात्री ओटीवर झोपले होते, ते दारातूनच म्हणाले, "मी गुरांचा डॉक्टर, मला हिला गोळी देता येत नाही. आठ दिवस झालेत. आत्ता मुरबाडला न्या. संध्याकाळी नको, आत्ता."

यमुना दारात आडवी उभी राहिली.

"नेली आन मेली तर? डाग बघून सगळं माझ्यावर येईल."

"तू दिलाच नायस."

"कोण मानंल?"

"मी सांगेन."

"तुमचं कोन ऐकंल आत्या?"

"एकदा ऐकलं होतं लोकांनी," मी म्हटलं. "तेव्हा मी खोटं बोलले होते."

मग मी तिला सांगितलं. माझी थोरली जाऊ पार्वती अशीच भाताच्या दिवसांत तापाने पडली. गवत कापायला आम्ही दोघी जायचो. काखेत तिला असाच काळा डाग. गोमा भगत आदल्या आठवड्यात अंगारा द्यायला येऊन गेला होता, म्हणजे डाग त्याचाच, असं सगळे म्हणाले. तो म्हणाला, मी दिला नाही. दहाव्या दिवशी पार्वती गेली. गाव जमलं. तो एकच वाक्य बोलत होता, मी दिला नाही. मला विचारलं, तू घरात होतीस, तुला काय दिसलं. दिसलं काहीच नव्हतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी नवी सून होते. मी म्हटलं, मला जळक्या कातडीचा वास आला. तेवढं पुरलं. त्याचं छप्पर ओढून काढलं. तो एक गाठोडं घेऊन नदीकडे गेला, परत कुणाला दिसला नाही.

"तुला तसं घालवायचं नाय मला," मी यमुनाला म्हटलं. "आन हिला पार्वतीसारखं पन नाय."

ती बाजूला झाली आणि सुनेला उचलायला वाकली.

गाडीत दीपालीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. यमुना पुढे बसली, तिला मागे बघवत नव्हतं. रस्ताभर गवत खिडकीला घासत होतं. टोकावडं मागे पडल्यावर दीपालीने विचारलं, "पायाशी कोण बसलंय?"

"कोणी नाय गो."

"हाय. तुमच्याकडं बघतेय."

मी विचारलं नाही कशी दिसते. मुरबाड येईपर्यंत मी तिच्या पायांकडे बघितलं नाही.

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने कमरेवरचं ते काळं बघितलं आणि विचारलं, "ताप किती दिवस आहे? गवतात गेली होती का?" यमुना उत्तर देता देता रडायला लागली. डाग कुणी दिला, असं त्या बाईने विचारलं नाही म्हणून. रक्त घेतलं, रिपोर्टची वाट न बघता गोळ्या चालू केल्या, सलाईन लावलं. "उशीर केलात," एवढंच म्हणाली. आजची रात्र महत्त्वाची आहे, असंही म्हणाली.

आम्ही मुरबाडला राहिलो. स्टँडजवळ लॉज आहे, खोली स्वच्छ, पाणी सकाळीच गरम मिळतं. जेवायला समोर राइसप्लेट. मला घास उतरला नाही, पण ताकाला नाव ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी दीपालीचा ताप तसाच. यमुना दवाखान्याच्या पायरीवर बसलेली, मी तिच्या शेजारी. ती म्हणाली, "आत्या, मेली तर सांगाल ना?" मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दीपालीचं कपाळ घामाने ओलं आणि गार होतं. डोळे उघडून तिने पहिलं सासूला विचारलं, "सुकट कोणी आणली व्हती? वास येत व्हता, मना कोणी दिलीच नाय." यमुना म्हणाली, "तुझ्या तोंडाला चव कुठं व्हती, भवाने," आणि पदराने तिचं तोंड पुसत राहिली.

त्याच दुपारी पथक पुन्हा पाड्यात गेलं, सोबत यमुना. यावेळी दारं तिनेच वाजवली. "कंबर दाखव, काख दाखव, मी ओरडणार नाय." आणखी घरांत काळे डाग निघाले, आणि प्रत्येक घरात कुणीतरी कुणावर तरी संशय घेऊन गप्प बसलेलं. नवरा बायकोवर, दीर भावजयीवर. ती माणसंही मुरबाडला गेली, वेळेत गेली. कापडाला घाबरून कडी लावणाऱ्या म्हातारीचा नातू त्यात होता.

आम्ही सरळगाव-किन्हवलीमार्गेच परतलो. तुम्ही त्या बाजूला जरूर जा. डोंगर सुंदर आहे, माणसं प्रेमळ आहेत. फक्त पाय झाकून जा, गवतात पडू नका, अंगावरचे कपडे गवतावर वाळत घालू नका. घरी आलात की गरम पाण्याने अंग घासून घ्या. ताप आला तर डॉक्टरला सांगा की गवतात गेलो होतो, आणि नाडीखाली, काखेत बघा. काळं दिसलं तर कुणी दिलं ते शोधत बसू नका.

घरी आल्यावर मी कपडे उकळत्या पाण्यात टाकले, दोनदा आंघोळ केली. अंकिता हसली. आता दीपालीचा फोन येतो. केस गळतात म्हणून तक्रार करते, सासू फार खायला घालते म्हणून तक्रार करते. ते ऐकायला मला आवडतं.

पण संध्याकाळी ओटीवर बसले की माझ्या नाकाला वास येतो, जळक्या कातडीचा. खरोखर येतो. इतकी वर्षं मी तो सांगत आले, तेव्हा कधी आला नव्हता.

अंकिता म्हणाली, लोकांची नावं बदलून लिहावी लागतात. यमुना, दीपाली, पार्वती सगळ्यांची बदलली आहेत, पाड्याचं तर लिहिलंच नाही. गोमाचं मी बदलू दिलं नाही. तुमच्या घरात, मुरबाडकडे, कर्जतकडे, कुठेही, फार पूर्वी शहापूरच्या बाजूने एक माणूस गाठोडं घेऊन आला असेल आणि कुणी न विचारता सारखं म्हणत असेल की मी दिला नाही, तर त्याच्या माणसांना हे वाचून दाखवा. तो खरं बोलत होता. हे सांगणारी बाई तीच आहे, जिच्या शब्दावर त्याला घालवला. ती शहापूरलाच राहते, आणि कुणी येऊन काही बोलणार असेल तर ती घरीच असते.